रात्री दोनला पकडलेला चोर सकाळी नऊपर्यंत कुणाचा?

वाकडमधल्या एका मोठ्या सोसायटीच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. रात्री दोनच्या सुमारास पार्किंगमध्ये एक तरुण महागड्या सायकलचं कुलूप तोडताना गार्डच्या हाती लागला. गार्डने एजन्सीच्या फील्ड ऑफिसरला फोन केला. तो म्हणाला, सकाळी येतो. अध्यक्षांना उठवलं, ते म्हणाले, एवढ्या रात्री पोलिसांची गाडी गेटवर नको. पोरगा केबिनमध्ये बसून राहिला. दोन-तीन सभासदांनी खाली येऊन त्याला चार फटकेही दिले. सकाळी नऊला पोलिसांना कळवलं, तर त्यांनी चोर बाजूला ठेवून सोसायटीलाच फैलावर घेतलं. सचिव विचारतात: गार्डवर दरमहा एवढे पैसे घालवायचे, चोरही आपणच पकडायचा आणि वर बोलणीही आपणच खायची, तर पोलीस आणि खासगी सुरक्षा यांचं सहकार्य म्हणतात ते असतं तरी कुठे?

मी पोलीस ठाण्यांत नोकरी करून निवृत्त झालो आणि आता चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांची सुरक्षा बघतो. त्यामुळे पोलीस गार्डबद्दल काय बोलतात आणि गार्ड पोलिसांबद्दल काय बोलतात, दोन्ही मला पाठ आहे. आधी तुमच्या त्या रात्रीबद्दल बोलतो, कारण बाकीचं उत्तर त्यातच आहे.

पोलीस चिडले ते बरोबर होतं. गार्डला पोलिसांचे अधिकार नसतात. त्याच्या अंगावर गणवेश असो, खांद्यावर पट्टी असो, कायद्याच्या नजरेत तो तुमच्या-माझ्यासारखा सामान्य नागरिक. नागरिकाला अटक करता येते, पण कधी, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये लिहिलंय. आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा घडत असेल, किंवा समोरचा उद्घोषित गुन्हेगार, म्हणजे न्यायालयाने फरार जाहीर केलेला, असेल, तरच. आणि पकडल्यावर विनाकारण उशीर न लावता पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 'विनाकारण उशीर न करता' एवढंच होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने त्याला मर्यादा घातली: सहा तासांच्या आत. तुम्ही दोनला पकडला आणि नऊला कळवलं. सात तास झाले. त्यातला सहावा तास संपल्यानंतर तो पोरगा तुमच्या केबिनमध्ये कोणत्या कायद्याने बसला होता, हे कुठल्याही वकिलाने विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नाही. बेकायदेशीरपणे डांबून ठेवणं हा स्वतःच गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १२७. वर फटके. तो अठराच्या आतला निघाला असता तर बाल न्याय कायदा आला असता, आणि मग चोरी राहिली असती बाजूला.

आणखी एक गोष्ट, जी पोलिसांतही सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली नाही. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल आणि गुन्हा पहिलाच असेल, तर नव्या कायद्यांत साध्या चोरीचा तो प्रकार अदखलपात्र आणि जामीनपात्र धरलाय, माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची. घरात शिरून केलेली चोरी वेगळी, रात्रीची घरफोडी वेगळी, ते गंभीर गुन्हेच आहेत. पण रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात गार्डने सायकलची किंमत काढावी आणि पोराचा पूर्वेतिहास शोधावा अशी अपेक्षा कुणी करू नये. म्हणून माझ्या गार्डना मी एकच सांगतो: अटक-बिटक शब्द डोक्यातून काढा. माणूस पळत असेल तर अडवा, मारू नका, झडती घेऊ नका, आणि अडवलेल्या हाताने नाही तर दुसऱ्या हाताने ११२, म्हणजे पोलिसांचा तातडीचा नंबर, लावा.

आता मूळ मुद्दा. तुमच्या गार्डने ११२ का लावला नाही? तो मूर्ख होता म्हणून नाही. त्याला तसं शिकवलंच जातं.

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे, लोक त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पसारा' म्हणतात. त्याच्या कलम १८ मध्ये दोन गोष्टी आहेत. एक, एजन्सीच्या कामकाजाशी संबंधित तपासात गार्डने पोलिसांना आवश्यक ती मदत करायची. दोन, ड्यूटीवर असताना कायद्याचा भंग दिसला तर गार्डने आपल्या वरिष्ठाला सांगायचं, आणि वरिष्ठाने मालकामार्फत, एजन्सीमार्फत किंवा स्वतः पोलिसांना कळवायचं. म्हणजे कायद्यानेच वरिष्ठ मध्ये घातला. कागदावर ते ठीक दिसतं. प्रत्यक्षात हा वरिष्ठ म्हणजे फील्ड ऑफिसर, जो एका रात्रीत मोटारसायकलवर कुठून कुठे पॉइंट तपासत फिरतो, आणि दोन वाजता बहुतेकदा रावेतला नाहीतर पिंपळे सौदागरला असतो. त्याच्या डोक्यात पहिला विचार येतो तो क्लायंटचा. क्लायंटच्या डोक्यात पहिला विचार सोसायटीच्या नावाचा. गार्डच्या डोक्यात पहिला विचार नोकरीचा. या तिघांच्या साखळीत पोलीस सगळ्यात शेवटी येतात, आणि मग आपण म्हणतो की पोलीस उशिरा आले.

हे कलम गार्डला थेट फोन करायला मनाई करत नाही, हे लक्षात घ्या. गंभीर गुन्ह्याची खबर पोलिसांना देणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे, ते गार्ड झाला म्हणून संपत नाही. आणि एजन्सीच्या बाजूने पाहिलं तर, पोलिसांना कर्तव्यात मदत केली नाही हे याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे परवाना रद्द होण्याचं एक कारण आहे. एजन्सीवाल्याला हे कलम वाचून दाखवा आणि मग करारात एक ओळ घाला: तातडीच्या प्रसंगी गार्ड आधी ११२ ला फोन करील, नंतर फील्ड ऑफिसरला, नंतर सोसायटीला. त्या फोनमुळे गार्डला हलवलं जाणार नाही, त्याचा पगार कापला जाणार नाही. ही शेवटची ओळ नसेल तर आधीच्या ओळीला काही किंमत नाही.

सहकार्यातला मोठा अडथळा पोलीस नाहीत, एजन्सीही नाही. पैसे देणारा ग्राहक आहे. मॉलला गेटवर पोलिसांची गाडी नको असते, कंपनीला पेपरात नाव नको असतं, सोसायटीला फ्लॅटचे भाव पडायला नको असतात. गार्ड ज्याचं मीठ खातो त्याच्या मनातलं ओळखून वागतो. रागवू नका, पण त्या रात्री तुमच्या अध्यक्षांनी जे केलं तेच गार्ड पुढच्या वेळी आपणहून करील.

पोलिसांची बाजूही सांगतो, ती काही फार शोभेची नाही. चोरी झाली की ठाण्यात पहिल्यांदा कोणाला आणून बसवतात? गार्डला. रात्रभर बाकावर बसवायचं, डीबीवाल्यांनी, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाने, दोन-चार प्रश्न चढ्या आवाजात विचारायचे, मोबाईल काढून घ्यायचा. संशयाला कारण असतं हे मी नाकारत नाही. २०१२ मध्ये वडाळ्याच्या एका इमारतीत तरुण महिला वकिलाचा खून तिथल्याच वॉचमनने केला. जन्मठेप झाली, पॅरोलवर सुटून तो पळाला आणि पुढे पुन्हा पकडला गेला. अशा घटना पोलीस विसरत नाहीत. पण म्हणून प्रत्येक गार्ड आधी आरोपी आणि मग साक्षीदार, ही सवय लागली की त्याचा परिणाम दिसतो. दुसऱ्यांदा चोरी होते तेव्हा गार्डने काहीच पाहिलेलं नसतं. तिसऱ्यांदा होते तेव्हा गार्ड बॅग घेऊन पहाटेच गावाला गेलेला असतो, आणि मग तो पळाला म्हणून संशय आणखी पक्का.

यातला संशयाचा भाग पडताळणीने बराच कमी होतो. कायद्यानुसार एजन्सीने गार्ड नेमण्याआधी त्याचं चारित्र्य आणि पूर्वेतिहास तपासलेला असला पाहिजे, त्याचं वय १८ ते ६५ मध्ये असलं पाहिजे, प्रशिक्षण झालेलं असलं पाहिजे, गळ्यात फोटोचं ओळखपत्र असलं पाहिजे. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत प्रशिक्षण १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवर असं होतं; माजी सैनिक आणि माजी पोलिसांना त्यात सवलत. किती एजन्सी ते पूर्ण करतात हे मला विचारू नका. गार्ड सोमवारी नांदेडहून येतो, मंगळवारी गणवेश मिळतो, मंगळवारी रात्रीच तो तुमच्या गेटवर उभा असतो. सोसायटीने एजन्सीकडून प्रत्येक गार्डच्या पोलीस पडताळणीची प्रत मागावी, रिलीव्हरचीसुद्धा, आणि मूळ गावचा पत्ता त्यात हवाच. रिलीव्हर हीच फट असते. नेहमीचा गार्ड सुट्टीवर गेला की जो येतो त्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नसतं.

तुम्ही एजन्सी न घेता थेट वॉचमन ठेवला असेल तर हा कायदा त्याला लागूच होत नाही, कारण तो एजन्सींसाठी आहे. मग पडताळणी करून घेणं तुमच्या गळ्यात. महाराष्ट्रात सुरक्षा रक्षकांच्या नोकरीसाठी आणि कल्याणासाठी १९८१ चा वेगळा कायदा आहे, त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं आहेत, ते कामगार खात्याचं काम. मेट्रो स्टेशनांवर दिसणारे महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान आणखी वेगळे, ते २०१० च्या राज्य कायद्याने आलेलं सरकारी महामंडळ आहे. या तिघांची गल्लत करून 'मेट्रोवाल्यांना जमतं, आमच्या गार्डला का नाही' असं सभेत कुणी म्हटलं तर त्याला एवढं सांगा.

आता जिथे खरं काम होतं तिथे येतो. ठाण्यात दर काही महिन्यांनी सिक्युरिटी एजन्सींची बैठक होते. चहा, बिस्किटं, वरिष्ठ निरीक्षकांचं भाषण, ग्रुप फोटो. बैठकीला एजन्सीचे मालक जातात. गार्ड जात नाही, कारण तो ड्यूटीवर असतो, नाहीतर बारा तासांची ड्यूटी करून झोपलेला असतो. मालकाला बीट अंमलदाराचं, म्हणजे त्या भागाची गस्त सांभाळणाऱ्या पोलिसाचं, नाव कळून काय उपयोग? गेटवरच्या माणसाला कळलं पाहिजे. मी ठाण्यात असताना ज्या बीटवर गस्तीचा शिपाई रात्री गेटवर मोटारसायकल थांबवून गार्डशी दोन मिनिटं बोलायचा, त्या बीटची खबर आम्हाला मिळायची. 'साहेब, समोरच्या बंद बंगल्याशी तीन दिवस एकच रिक्षा उभी राहतेय' असली खबर कुठल्याही बैठकीत मिळत नाही. आता गस्तीसाठी क्यूआर कोड लावतात. शिपाई येतो, कोड स्कॅन करतो, पुढच्या कोडकडे जातो. कोड तुमच्या गेटच्या बाहेर भिंतीवर असेल तर ठाण्याला विनंती करून तो केबिनच्या आत लावून घ्या. मग त्याला गार्डचं तोंड बघावंच लागतं.

केबिनमध्ये काचेच्या आत एक कागद चिकटवा, मोठ्या अक्षरात. त्यावर सोसायटीचं पूर्ण नाव, गेट क्रमांक, रस्ता, जवळची ठळक खूण, ठाण्याचं नाव, रात्रीच्या बीटचा नंबर. हे हास्यास्पद वाटेल. पण तुमच्या भागात एकाच नावाचे फेज एक, फेज दोन, फेज तीन असे प्रकल्प आहेत, आणि गार्ड आसाम, ओडिशा नाहीतर विदर्भातून कालपरवा आलेला. ११२ वर त्याला पत्ता विचारला की तो म्हणतो 'बडा गेट, सर'. गाडी भलत्याच गेटवर जाते आणि दहा मिनिटं तिथेच जातात. शिवाय ११२ चा फोन नोंदला जातो. उद्या कुणी म्हणालं की तुम्ही कळवलंच नाही, तर ती नोंद तुमची साक्ष देते. तुमच्या प्रकरणात ही नोंद दोन वाजून पाच मिनिटांची असती, तर सकाळचं सगळं रामायण टळलं असतं.

गेटवरचं रजिस्टर एकदा उघडून बघा. मी कुठेही गेलो की आधी तेच बघतो. पहिल्या पानावर नीट रकाने: दिनांक, वेळ, नाव, गाडी नंबर, कुणाकडे, सही. तिसऱ्या पानापासून नावाच्या जागी 'पार्सल', 'गेस्ट', 'पाहुणे'. आत येण्याची वेळ आहे, बाहेर जाण्याची नाही. बाहेर जाण्याचा रकाना सकाळी सहाला, ड्यूटी बदलण्याआधी, एकाच शाईने खालपर्यंत भरलेला. पानांना क्रमांक नाहीत, त्यामुळे मधलं एखादं पान फाडलं तरी कळणार नाही. हे रजिस्टर तपासी अंमलदार जप्त करतो तेव्हा त्याला ते उपयोगी पडत नाही, उलट आरोपीच्या वकिलाला पडतं. पानांना क्रमांक घाला, ज्या वेळेची नोंद त्याच वेळेला करा, बाहेर जाणाऱ्या मालाला गेट पास लागू करा. कारखान्यात भंगाराची गाडी बाहेर जाते तेव्हा गेट पासवर वजन एक आणि वजनकाट्याच्या पावतीवर दुसरं, एवढ्यावर मोठमोठ्या चोऱ्या पकडल्या जातात.

ॲपवर नोंदी ठेवत असाल तर प्रश्न उलटा येतो. पोलिसांनी फोनवर मागितलं म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांची सगळी यादी व्हॉट्सॲपवर पाठवू नका. फोनवर बोलणारा 'साहेब' कोण हे तुम्हाला काय माहीत? नम्रपणे सांगा, लेखी मागणी द्या, लगेच देतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ प्रमाणे पोलीस लेखी आदेशाने कागदपत्रं आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी मागू शकतात. खरा तपासी अधिकारी यावर चिडत नाही, त्याला त्याच्या केस डायरीसाठी तो कागद हवाच असतो.

सीसीटीव्हीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण खटले तिथेच पडतात. बहुतेक सोसायट्यांचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र, पंधरा-वीस दिवसांत जुनं पुसून नवं लिहितो. पोलीस फुटेज मागायला येईपर्यंत ते गेलेलं असतं. दुसरं, डीव्हीआरचं घड्याळ. ते कुणीच लावत नाही. पडद्यावर १.४३ दिसतं, खरी वेळ २.०१ असते. ११२ ची नोंद म्हणते २.०५, गार्ड म्हणतो दोन, कॅमेरा म्हणतो पावणेदोन, आणि न्यायालयात तिन्ही एकमेकांना खोटं पाडतात. उपाय सोपा आहे. फुटेज काढताना पंचांसमोर डीव्हीआरची वेळ आणि मोबाईलवरची वेळ दोन्ही वाचायच्या, फरक पंचनाम्यात लिहायचा. तपासी अंमलदार विसरला तर तुम्ही आठवण करून द्या. तिसरं, प्रमाणपत्र. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्याचे आता दोन भाग आहेत: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे त्या फाईलचा जणू बोटाचा ठसा, लिहायचं. म्हणजे फाईल नंतर बदलली तर पकडता येते. पहिला भाग कोण भरणार हे सोसायटीने आधीच ठरवून ठेवावं. सचिव म्हणतात कॅमेऱ्यांचं कंत्राट एजन्सीकडे, एजन्सी म्हणते कॅमेरे बसवणाऱ्याकडे, बसवणारा फोन उचलत नाही, असं नेहमी होतं. आणि पोलीस अख्खा डीव्हीआर उचलून मुद्देमालात न्यायला निघाले तर नव्या हार्ड डिस्कवर प्रत काढून देण्याची तयारी दाखवा. नाहीतर तुमचे कॅमेरे महिनोन्‌महिने आंधळे.

फुटेजपेक्षाही अवघड असतं ते साक्षीदार टिकवणं. गार्डने चोर पाहिला, पकडला, जबाब दिला. खटला उभा राहतो तेव्हा वर्षं उलटून गेलेली असतात. समन्स एजन्सीच्या पत्त्यावर येतं, गार्ड केव्हाच दुसऱ्या एजन्सीत, नाहीतर गावी शेतावर. सापडला तर येण्या-जाण्यात त्याची मजुरी बुडते. म्हणून मी नव्या करारांत दोन गोष्टी घालून घेतो: घटना घडली तर गार्डचा कायमचा पत्ता आणि घरातल्या एकाचा मोबाईल एजन्सीने तपासी अधिकाऱ्याला लेखी कळवायचा, आणि न्यायालयाच्या तारखेचा दिवस हजेरीत धरायचा. सोसायटीला याचे फार पैसे पडत नाहीत. न घातल्यास आरोपी सुटतो आणि लोक पोलिसांना शिव्या देतात.

फिर्यादी कोण, हाही असाच मुद्दा. चाकण, रांजणगाव भागात कारखान्याच्या गेटवर स्थानिक टोळकं येतं, भंगाराचा ठेका आम्हालाच द्या, माथाडी आमचेच घ्या, नाहीतर गाड्या अडवू. शिव्या खातो गार्ड, कधी मारही खातो. कंपनी म्हणते, गार्डने फिर्याद द्यावी. तो गार्ड त्याच गावात भाड्याच्या खोलीत राहतो, त्याचा घरमालक त्या टोळक्याचा चुलता. तो कशी फिर्याद देईल? फिर्याद कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याने अधिकारपत्र घेऊन द्यायची, गार्ड फक्त साक्षीदार. हे केलं की पोलीसही जोर लावतात, कारण फिर्यादी उद्या फिरणार नाही याची त्यांना खात्री असते.

एटीएमच्या रोकड गाड्यांचं तेवढं बरं आहे, कारण तिथे केंद्राने २०१८ चे नियम करून शहरात रात्री नऊनंतर आणि ग्रामीण भागात सहानंतर पैसे भरायचे नाहीत, गाडीत पाच कोटींहून जास्त न्यायचे नाहीत, दोन सशस्त्र रक्षक हवेत, असं स्पष्ट सांगून टाकलं. सोसायट्यांसाठी असं कुणी सांगितलेलं नाही.

माहिती एकाच दिशेने वाहते ही गार्डांची तक्रार मला मान्य आहे. पोलीस फुटेज नेतात, नावं नेतात, परत काही सांगत नाहीत. भागात साखळीचोर फिरतायत, मोटारसायकल कोणत्या रंगाची, एवढं गेटवर कळवलं तरी शंभर डोळे फुकट मिळतात. लंडनमध्ये २००४ मध्ये पोलिसांनी खासगी सुरक्षारक्षकांना हाताशी धरून 'प्रोजेक्ट ग्रिफिन' सुरू केला, त्यात प्रशिक्षणासोबत नियमित फोनवरून सद्यस्थिती सांगायची पद्धत होती. आपल्याकडे मुंबईने याची किंमत मोजून धडा घेतलाय. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तेव्हाचे परिमंडळ १ चे उपायुक्त विश्वास नांगरे पाटील मोजक्या माणसांनिशी ताजमध्ये शिरले तेव्हा वाट दाखवायला हॉटेलचाच सुरक्षा अधिकारी होता, आणि अतिरेकी कुठे आहेत हे काही काळ हॉटेलच्या सीसीटीव्ही कक्षातून दिसत होतं. नंतर आलेल्या कमांडोंना मात्र त्या अवाढव्य इमारतीचे धड नकाशे हातात नव्हते. तुमच्या सोसायटीवर कुणी हल्ला करणार नाही. पण आग लागली, गॅस गळला, कुणी चौदाव्या मजल्यावर स्वतःला कोंडून घेतलं, तर जिने कुठे, गच्चीची किल्ली कुणाकडे, विजेचा मुख्य स्विच कुठे, हे लिहिलेला एक कागद ठाण्यात आणि अग्निशमन केंद्रात देऊन ठेवायला काय हरकत आहे?

गणवेशाचं एक सांगून टाकतो, कारण बरेच जण हौसेने चुकतात. पोलिसांसारखी खाकी, पोलिसांसारखे बिल्ले, हे गार्डला घालायला लावू नका. २००५ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे त्यासाठी गार्ड आणि एजन्सीचा मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. चोर खाकीला घाबरतो असा समज आहे. चोर जाग्या गार्डला घाबरतो, आणि बारा तास उभ्याने ड्यूटी करून लगेच दुसऱ्या पॉइंटवर डबल ड्यूटीला गेलेला गार्ड पहाटे तीनला जागा नसतो. सगळ्यात स्वस्त कोटेशन घेतलंत तर तुम्ही झोपेचंच कंत्राट दिलंय.

आता तुमच्या प्रकरणात. घटनेला किती दिवस झाले हे तुम्ही लिहिलं नाही, म्हणून पहिलं काम आजच करा: डीव्हीआरमधलं त्या रात्रीचं, साडेबारा ते सकाळी दहापर्यंतचं फुटेज वेगळ्या डिस्कवर काढा, सभासदांनी मारलं तो भागसुद्धा. तो पुसलात तर चोरीपेक्षा मोठं लचांड मागे लागेल. ज्यांनी हात उचलला त्यांना वकील गाठायला सांगा, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेले व्हिडिओ कुणी पुढे पाठवू नयेत हेही सांगा. सायकलच्या मालकाने खरेदीची पावती शोधून ठेवावी, किमतीवर गुन्ह्याचं स्वरूप ठरणार आहे. गार्डला एजन्सी दुसरीकडे हलवायला बघेल, हलवू देऊ नका, निदान जबाब पूर्ण होईपर्यंत. आणि जबाबाला ठाण्यात बोलावतील त्या दिवशी त्याला एकटं पाठवू नका, तुम्ही स्वतः सोबत जा, आणि परत येताना बीट अंमलदाराचा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये त्याच्याच हाताने सेव्ह करून घ्या.